एका रिकाम्या जागेवरची पीएच.डी.

सेमीकंडक्टर म्हटलं की बडोद्यात हल्ली साणंद आणि धोलेरा ही दोनच नावं निघतात. साणंदला मायक्रॉन, धोलेऱ्याला टाटा. त्यामुळे मी सेमीकंडक्टरमध्ये पीएच.डी. करते म्हटल्यावर दांडियाबाजारातले ओळखीचे काका-काकू हटकून विचारतात, "अगं, मग तुला साणंदला घेतील का?" ज्यांना मी हिऱ्यावर काम करते एवढंच कळलेलं असतं, ते सुरतेचं विचारतात. विचारण्यात माया असते आणि दोन्ही प्रश्न अगदीच वावगे नाहीत. पण मी नेमकं काय करते हे रस्त्यात उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून इथे नीट लिहून काढते आहे. बारावीनंतर ज्यांचा फिजिक्सशी संबंध आला नाही त्यांनाही हे कळायला हवं, आणि माझी खात्री आहे की ते कळेल.

माझा विषय थोडक्यात असा: हिऱ्याच्या स्फटिकात एक अणू गायब असेल आणि त्याला लागून एक परका अणू बसला असेल, तर त्या ठिकाणी अडकलेल्या इलेक्ट्रॉनांकडून काय काम करून घेता येतं, आणि ते काम बिघडवतं कोण.

स्फटिकात अणू ठरावीक अंतरावर, ठरावीक दिशांना बसलेले असतात. हिऱ्यात सगळे कार्बनचे, प्रत्येकाला चार शेजारी. लग्नाची लांबलचक पंगत डोळ्यांसमोर आणा. पानं मांडली आहेत, माणसं ओळीने बसली आहेत, आणि मधेच एका पानावर कुणीच नाही. स्फटिकातली रिकामी जागा ही अशी. त्याच ओळीत घरच्या माणसाच्या जागी भलताच पाहुणा येऊन बसला, तर तो परका अणू. पंगतीत एखादं पान रिकामं राहिलं तर वाढप्याखेरीज कुणाच्या लक्षातही येत नाही. स्फटिकात मात्र न आलेल्या अणूशी बंध जोडण्यासाठी शेजाऱ्यांनी पुढे केलेले इलेक्ट्रॉन तसेच मोकळे राहतात, आणि माझ्या विषयाची सुरुवात तिथून होते.

हिऱ्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये किती अणू असतात? एकावर तेवीस शून्यं द्या आणि त्याची पावणेदोन पट करा. इतक्या अणूंमध्ये एकही जागा चुकलेली नाही असा स्फटिक निसर्गात मिळत नाही आणि माणसालाही बनवता आलेला नाही.

हे दोष डोळ्यांना दिसतात ते रंगातून. विखुरलेल्या नायट्रोजनने हिरा पिवळा होतो. बोरॉनने निळा होतो, आणि त्यासाठी दहा लाख कार्बन अणूंमागे एखादा बोरॉन, कधी त्याहूनही कमी, पुरतो. बडोद्याला तर याचं घरचंच उदाहरण आहे. ज्यांच्या नावाचं खंडेराव मार्केट आहे, त्या खंडेराव गायकवाडांनी 'स्टार ऑफ द साउथ' हा हिरा विकत घेतला होता. १८५३ साली ब्राझीलमध्ये सापडलेला, पैलू पाडल्यावर १२८.४८ कॅरटचा, गुलाबी-तपकिरी झाक असलेला. या जातीच्या हिऱ्यांत नायट्रोजन जवळजवळ नसतो, तरीही त्यांत अशी झाक येते. जमिनीच्या पोटात प्रचंड दाबाखाली स्फटिकाचे थर एकमेकांवर सरकतात, सरकताना अणूंच्या जागा मोडतात, रिकाम्या जागांचे पुंजके तयार होतात आणि ते पुंजके काही रंगांचा प्रकाश शोषून घेतात. गायकवाडांच्या जवाहिरखान्यात तो हिरा ज्या रंगाने उठून दिसला, तो रंग दोषांची देणगी. खंडेराव मार्केटवरून जाताना मला दर वेळी याचं अप्रूप वाटतं.

दोषांकडून काम करून घेणं ही कल्पना इलेक्ट्रॉनिक्सला जुनीच आहे. शुद्ध सिलिकॉन वीज फारशी वाहून नेत नाही. त्यात फॉस्फरस मिसळला की प्रत्येक फॉस्फरसमागे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा मिळतो, बोरॉन मिसळला की एक कमी पडतो. या जास्ती-उणिवेच्या जोरावर ट्रान्झिस्टर चालतो, आणि मोबाइलपासून लोकोमोटिव्हपर्यंत सगळं चालतं. पण चिपमध्ये हे परके अणू झुंडीने काम करतात. त्यातला एखादा इकडचा तिकडे झाला तरी बिघडत नाही. एकेका अणूच्या, इलेक्ट्रॉनच्या वागण्यावर चालणाऱ्या क्वांटम तंत्रज्ञानाला हवा असतो एकच दोष, ओळखता येईल असा, बोट ठेवून 'हाच तो' म्हणता येईल असा.

असा दोष हिऱ्यात आहे. त्याचं नाव एनव्ही सेंटर. एन म्हणजे नायट्रोजन, व्ही म्हणजे त्याला लागून असलेली रिकामी जागा. तीन कार्बन शेजाऱ्यांचे तीन मोकळे इलेक्ट्रॉन, नायट्रोजनचे दोन, आणि आसपासच्या स्फटिकातून आलेला एक, असे सहा इलेक्ट्रॉन तिथे वस्तीला असतात. हिऱ्याचा बँड गॅप, म्हणजे शुद्ध स्फटिकात इलेक्ट्रॉनांना मनाई असलेली ऊर्जेची दरी, साडेपाच इलेक्ट्रॉन-व्होल्टची, सिलिकॉनच्या जवळजवळ पाचपट. या प्रशस्त दरीत त्या सहा इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या मधोमध सुट्या पडतात. बाकीच्या स्फटिकाला त्यांचा पत्ता नसतो, त्यांना स्फटिकाचा फारसा त्रास नसतो. एरवी एकच अणू अधांतरी धरून ठेवायला निर्वात पोकळी, लेसरचे सापळे आणि मोठा खटाटोप लागतो. इथे हिऱ्याने तो आयता धरून ठेवला आहे.

या सहाजणांचा मिळून एक स्पिन असतो. स्पिन हा इलेक्ट्रॉनचा अंगभूत गुण आहे, आणि त्याच्यामुळे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देतो. एनव्हीच्या स्पिनच्या तीन अवस्था: शून्य, अधिक एक, उणे एक. शून्य आणि बाकी दोघांच्या ऊर्जेत २.८७ गिगाहर्ट्झ मायक्रोवेव्हइतकं अंतर आहे. त्यातल्या कुठल्याही दोन अवस्था घेतल्या की क्युबिट, म्हणजे क्वांटम माहितीचं एकक, झाला. मोजून-मापून मायक्रोवेव्हचा झोत द्यायचा, स्पिन शून्यातून एकमध्ये जातो. झोत अर्ध्यात थांबवायचा, स्पिन दोन्हींच्या मिश्र अवस्थेत राहतो.

आता सगळ्यात सुंदर भाग. स्पिन कोणत्या अवस्थेत आहे हे कळायचं कसं? प्रकाशावरून. एनव्हीवर हिरवा लेसर टाकला की तो लाल उजळतो, ६३७ नॅनोमीटरपासून पुढे आठशेच्या आसपासपर्यंत. शून्य अवस्थेत असेल तर जास्त उजळतो. एकमध्ये असेल तर इलेक्ट्रॉन काही वेळा आडवाटेने, लाल प्रकाश न देता खाली येतो, आणि उजेड साधारण तीस टक्क्यांपर्यंत कमी पडतो. शिवाय त्या आडवाटेने खाली आलेला स्पिन बहुतेक वेळा शून्यातच उतरतो. म्हणजे एकाच हिरव्या लेसरने वाचनही होतं आणि पाटी पुसून पुन्हा सुरुवातही करता येते. हे सगळं खोलीच्या तापमानाला. बऱ्याच क्वांटम यंत्रणांना निरपेक्ष शून्याच्या जवळचं तापमान लागतं, द्रव हेलियम लागतो. हिरा इतका ताठ स्फटिक आहे की ज्या कंपनांनी स्पिन विस्कटतो ती त्यात साध्या तापमानाला मुळात कमी असतात. १९९७ साली जर्मनीत पहिल्यांदा एकेका एनव्हीचा स्पिन असा प्रकाशावरून वाचता आला, आणि हा सगळा विषय तिथून फुटला.

प्रयोग दिसतो कसा ते जवळून सांगते. कंप शोषणारं जड टेबल, त्यावर ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर, आरशांची रांग, शेवटी मायक्रोस्कोपचं ऑब्जेक्टिव्ह. त्याखाली दोन-तीन मिलिमीटरचा चपटा, रंगहीन हिरा. हिऱ्यावरून केसाहून बारीक तांब्याची तार ओढलेली, तिच्यातून मायक्रोवेव्ह जातात. खोलीत अंधार, कारण डिटेक्टर एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकेक कण, मोजणारे आहेत आणि खोलीतल्या दिव्याच्या उजेडाने ते खराब होऊ शकतात. लेसरचा ठिपका हिऱ्यावरून थोडा थोडा सरकवत नकाशा काढायचा. काळ्या पडद्यावर उजळ ठिपके उमटतात. पण प्रत्येक ठिपका प्रकाशाच्या स्वभावामुळे तीनेकशे नॅनोमीटर पसरट दिसतो, मग त्यात एनव्ही एक आहे की दोन चिकटून आहेत?

याचं उत्तर काढायची रीत मला फार आवडते. ठिपक्यातून येणारा प्रकाश अर्धपारदर्शक आरशावर पाडून दोन डिटेक्टरांकडे वाटायचा. एकच एनव्ही असेल तर तो एका क्षणी एकच फोटॉन देऊ शकतो. पुन्हा उजळायला त्याला काही नॅनोसेकंद लागतात. त्यामुळे दोन्ही डिटेक्टर एकाच क्षणी वाजणं जवळजवळ होतच नाही. आलेखात शून्य वेळेच्या जागी खड्डा पडतो. खड्डा अर्ध्याच्या खाली गेला की तिथे एकच आहे, हे नक्की. नुसत्या डोळ्यांनी कधीच न दिसणाऱ्या एका अणुएवढ्या जागेबद्दल इतक्या खात्रीने बोलता येतं, याचा आनंद जुना होत नाही.

मग मायक्रोवेव्हची वारंवारता हळूहळू वाढवत न्यायची आणि उजेड मोजत राहायचं. २.८७ गिगाहर्ट्झपाशी उजेड कमी होतो, आलेखात खाच पडते. जवळ चुंबक आणलं की त्या एका खाचेच्या दोन होतात. एनव्हीच्या अक्षाच्या दिशेने एक मिलिटेस्ला क्षेत्र असेल तर एक खाच २८ मेगाहर्ट्झ वर सरकते, दुसरी तितकीच खाली. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण याच्या विसाव्या हिश्श्याइतकं. तेसुद्धा यात सहज दिसतं. तापमानही दिसतं: हिरा एक अंशाने तापला की मधला आकडा ७४ किलोहर्ट्झने खाली येतो. मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना प्रयोगशाळेचा एसी दमला, तर ते आधी हिऱ्याला कळतं.

गैरसमज नको म्हणून हेही सांगायला हवं की एका वेळच्या वाचनात सरासरी एक फोटॉनसुद्धा हाती येत नाही. म्हणून तोच प्रयोग लाखो वेळा करून सरासरी काढावी लागते. मोजणी संध्याकाळी लावायची आणि सकाळी बघायची. रात्रभरात टेबल किंचित जरी सरकलं तरी ठिपका लेसरखालून निसटतो, म्हणून संगणक थोड्या थोड्या वेळाने तो पुन्हा शोधून मधोमध आणत राहतो. 'इतकी वर्षं कशाला लागतात?' या प्रश्नाचं निम्मं उत्तर या रात्रींमध्ये आहे.

उरलेलं निम्मं उत्तर शेजाऱ्यांमध्ये. एनव्हीवर आता इतकं काम झालं आहे की नुसता एनव्ही शोधून कुणी पीएच.डी. देत नाही. खरा प्रश्न असा: मिश्र अवस्थेत ठेवलेला स्पिन किती वेळ तसा टिकतो, आणि कोणामुळे ढळतो? नैसर्गिक कार्बनमध्ये १.१ टक्के अणू कार्बन-१३ चे, म्हणजे किंचित जड कार्बनचे, असतात. त्यांच्या केंद्रकालाही स्पिन असतो, आणि त्यांची चुळबुळ एनव्हीला जाणवते. ते काढून टाकून जवळजवळ शुद्ध कार्बन-१२ चा हिरा वाढवला, तर खोलीच्या तापमानालाच स्पिन १.८ मिलिसेकंद टिकल्याचं २००९ साली दाखवलं गेलं. दोन मिलिसेकंदही नाहीत! पण स्पिन फिरवायला काही नॅनोसेकंद पुरतात, आणि १.८ मिलिसेकंदांत मायक्रोवेव्हची पन्नास लाख आवर्तनं होतात. त्या हिशेबाने ही ऐसपैस सवड आहे. दुसरे त्रासदायक शेजारी म्हणजे ज्यांना रिकामी जागा मिळाली नाही असे एकटे नायट्रोजन. तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात चिवट, हिऱ्याचा पृष्ठभाग.

पृष्ठभागाचं दुखणं असं. बाहेरच्या एखाद्या रेणूचं चुंबकीय क्षेत्र मोजायचं तर एनव्ही त्याच्या जवळ हवा, म्हणजे पृष्ठभागाखाली पाच-दहा नॅनोमीटरवर. नेमक्या त्याच खोलीवर पृष्ठभागावरचे तुटके बंध, चिकटलेले रेणू, भटके इलेक्ट्रॉन त्याला छळतात. टिकण्याचा वेळ झपाट्याने घसरतो. कधी तर एनव्ही आपला जास्तीचा इलेक्ट्रॉनच गमावतो. मग तो उजळतो, पण वेगळ्या रंगात, ५७५ नॅनोमीटरपासून पुढे, आणि आपल्या कामाचा राहत नाही. आम्लांनी धुणं, ऑक्सिजनमध्ये तापवणं, पृष्ठभागावर कोणते अणू बसवायचे ते ठरवणं, आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजणं, यावर जगभर प्रबंध लिहिले जात आहेत. पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही.

एनव्ही बनवायचे कसे? एक वाट अशी: नायट्रोजनचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, वेगाने हिऱ्यात मारायचे. ते आत घुसताना कार्बनला जागेवरून उडवतात, रिकाम्या जागा होतात. नंतर हिरा निर्वातात आठशे अंशांच्या आसपास तापवायचा. त्या तापमानाला रिकाम्या जागा स्फटिकात भटकू लागतात आणि नायट्रोजन भेटला की तिथेच थांबतात. ऊर्जा कमी ठेवली तर नायट्रोजन उथळ बसतो, पण शंभरातले मोजकेच एनव्ही होतात; वाढवली तर ते खोल जातात आणि स्फटिकाची मोडतोडही वाढते. या जोडीला संगणकावरची गणितं असतात: काहीशे अणूंचा तुकडा घेऊन त्यात दोष ठेवायचा आणि त्याची ऊर्जा, विद्युतभार, रंग काढायचे. काही जण सगळा प्रबंध या गणितांवरच करतात, आणि प्रयोग करणाऱ्यांना त्यांचा मोठा आधार असतो.

आणि हिरा? तो प्रयोगशाळेत वाढवलेला असतो, आणि इथे सुरत खरोखरच संबंधात येते. मिथेन आणि हायड्रोजनच्या प्लाझ्मात, म्हणजे विद्युतभारित झालेल्या वायूत, हिऱ्याच्या पातळ बियाणावर थर चढवायचा, ही रीत सुरतेच्या लॅबग्रोन कारखान्यांचीही आहे. फरक शुद्धतेचा. दागिन्याचा हिरा डोळ्यांना पांढरा दिसला की झालं. आमच्या हिऱ्यात अब्जामागे पाचाहून कमी नायट्रोजन लागतात, आणि उत्तम हवा असेल तर मिथेनमधला कार्बनही निवडक कार्बन-१२ चा. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लॅबग्रोन हिऱ्यांच्या संशोधनासाठी अनुदान जाहीर झालं आणि त्यातून आयआयटी मद्रासमध्ये केंद्र उभं राहिलं. माझं मत विचाराल तर त्या प्रयत्नाचा मोठा वाटा दागिन्यांपेक्षा अशा हिऱ्यांकडे जायला हवा. हिरा वाढवण्याचा हात गुजरातेत तयार आहे. शुद्धतेची सवय लावावी लागेल.

उपयोगांबद्दल मोठमोठे दावे ऐकू येतात, म्हणून माझा अंदाज सांगते. एनव्हीचा पहिला खरा उपयोग क्वांटम कॉम्प्युटरमध्ये होणार नाही. तिथे दुसऱ्या जातीचे क्युबिट बरेच पुढे आहेत. तो होईल सेन्सरमध्ये. २०१६ साली एका समुद्री किड्याच्या एकाच चेतापेशीतल्या विद्युतस्पंदाचं चुंबकीय क्षेत्र हिऱ्याने टिपलं गेलं. चिपच्या आत वीज कुठून वाहते ते चिप न फोडता पाहणं हा दुसरा उपयोग. आयआयटी मुंबईने टीसीएससोबत २०२४ मध्ये हेच काम हाती घेतल्याचं जाहीर केलं. म्हणजे साणंद-धोलेऱ्याच्या चिपांची तपासणी उद्या हिऱ्यातल्या रिकाम्या जागा करू शकतील.

दळणवळणातही एनव्हीने मोठं काम केलं आहे. २०१५ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांमधले इलेक्ट्रॉन क्वांटम गुंत्यात बांधून (म्हणजे एकाच्या मोजणीचा निकाल दुसऱ्याच्या निकालाशी जोडलेला), पळवाटा न ठेवता बेलची कसोटी, म्हणजे हा गुंता खरा आहे का याची परीक्षा, घेण्यात आली. पण लांबच्या अंतराला अडचण आहे. एनव्हीच्या उजेडातला जेमतेम तीन टक्के प्रकाश नेमक्या ६३७ नॅनोमीटरला असतो, आणि तो फायबरमधून किलोमीटरभर जाईपर्यंत बहुतेक विरतो. म्हणून इतर दोषांचा शोध चालू आहे. हिऱ्यातच नायट्रोजनऐवजी सिलिकॉन किंवा कथील बसवतात. प्रकाश नेमका मिळतो, पण थंडावा फार लागतो. सिलिकॉन कार्बाइडमध्ये शेजारशेजारच्या दोन रिकाम्या जागांचा दोष आहे. साध्या सिलिकॉनमधला टी सेंटर नावाचा दोष १३२६ नॅनोमीटरला उजळतो, आणि तो प्रकाश टेलिफोनच्या फायबरला मानवतो.

केंद्र सरकारचं राष्ट्रीय क्वांटम मिशन एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालं, २०३०-३१ पर्यंत ६,००३.६५ कोटींचं. त्यातलं सेन्सरचं केंद्र आयआयटी मुंबईला आहे, क्वांटम सामग्री आणि उपकरणांचं आयआयटी दिल्लीला. बडोद्यातल्या बी.एस्सी., एम.एस्सी.च्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना म्हणून थोडं कामाचं. या वाटेवर यायला फिजिक्सच लागतं असं नाही. इलेक्ट्रॉनिक्स, केमिस्ट्री, मटेरियल सायन्सची माणसंही आमच्यात आहेत. प्रवेशपरीक्षा अशा: बी.एस्सी.नंतर जॅम, एम.एस्सी.नंतर नेट, गेट किंवा जेस्ट. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, शिवाय घरभाडं. घरून पैसे मागावे लागत नाहीत, हे आईवडिलांना आवर्जून सांगा. पाच-सहा वर्षं लागतात. कॉलेजात असतानाच पायथॉन शिका, सोल्डरिंग हाताखालून घाला, आणि ऑप्टिक्सच्या प्रॅक्टिकलला लेसर स्वतः सरळ करून बघा. मुलाखतीत अशा एखाद्या प्रयोगावर नीट, तपशिलाने बोलता आलं की निम्मं काम होतं.